ठमीने बदललेले प्लग

बाबा,

गाडी चोरीला गेलेली नाही, मीच शर्यतीला नेलीय. तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही.

काल तुम्ही बसवलेले प्लग मी बदललेत, रागावू नका. ते आपल्या जुन्या गाडीचे होते. या इंजिनाला आता जोर वाढवणारा नायट्रस गॅस जोडलाय. तसले उष्णता धरून ठेवणारे गरम प्लग लावले तर पिस्टन वितळतो. थंड जातीचे, आखूड टोकाचे लावलेत. हे तुम्हीच तर शिकवलंत! मी स्टुलावर चढून बॉनेटमध्ये डोकं घालायचे आणि तुम्ही काळवंडलेला प्लग माझ्या नाकाशी धरून विचारायचात, "ठमे, सांग, याचं काय दुखतंय?" अजून प्लग हातात घेतला की तुमचाच आवाज ऐकू येतो.

जेवण झाकून ठेवलंय. शेजारच्या काकू येऊन बसतील. त्यांना आईच्या नावानं हाक मारलीत तरी चालेल, त्या ओ देतात.

तुमची,
ठमी