चालता चालता बोलण्याचा व्यायाम

ती. ताई यांस,

साष्टांग नमस्कार. (हा कागदावरच घ्यावा. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतात.) तुमचा गुडघा कसा आहे? साडूसाहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं, असं चिरंजीवांनी सांगितलं. आता स्पष्ट दिसत असेल, तर त्यांनी स्वतः केलेलं बैठकीच्या खोलीचं रंगकाम एकदा नीट पाहावं, ही विनंती. माझी तब्येत उत्तम आहे. तुम्ही फोन केला की मी 'बरं आहे, ठेवतो' म्हणतो आणि खरंच ठेवतो, याचा तुम्हाला राग येतो असं कळलं. म्हणून हे पत्र. लिहिताना घाई होत नाही आणि समोरचं माणूस मध्ये बोलत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, ही, तुमची बहीण, गेल्यानंतर चौथ्या महिन्यात मला पक्षाघाताचा झटका आला आणि डावा पाय माझा राहिला नाही. म्हणजे जागेवर आहे, पण रुसलेल्या व्याह्यासारखा. सगळ्यांबरोबर येतो, पण सगळ्यांच्या मागून आणि वाकडा होऊन. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या लांब खोलीत मी तोल सांभाळायला शिकतो आहे. शिकवणाऱ्या बाई आमच्या सुनेच्या वयाच्या आहेत आणि सगळे त्यांना तोलबाई म्हणतात (समोर मॅडम). आयुष्यभर मी लोकांच्या घरी फरश्या बसवून घेतल्या, आता फरशीवर उभं कसं राहायचं याची शिकवणी लावली आहे. आधी नुसतं उभं राहायचं, मग पाय जुळवून, मग डोळे मिटून, मग जाड स्पंजच्या गादीवर. माझ्याबरोबर एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत. त्यांचा उजवा पाय अधू, माझा डावा, त्यामुळे आम्हाला शेजारी उभं केलं की दोघं मिळून एक धड माणूस होतो. मी जरा कललो की ते ओरडतात, "साहेब, इंडिकेटर दिल्याशिवाय वळू नका!"

हे सगळं कशासाठी, तर चिरंजीवांनी अट घातली आहे. तोलबाईंच्या शेवटच्या परीक्षेत पास झालो तर मी माझ्या घरी एकट्याने राहायचं, नापास झालो तर घराला कुलूप लावून त्यांच्याकडे जायचं. मुलगा वाईट नाही, सूनबाई तर फार करते. माझ्यासाठी खोली तयार आहे, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले आहेत. (एक दांडा तिरका बसला आहे. मी बोललो नाही.) पण ताई, त्या खोलीतल्या एकाही वस्तूला हिचा हात लागलेला नाही. इथे सुईदोऱ्यापासून विजेच्या बिलापर्यंत सगळं तिने ठेवलं तिथेच आहे आणि मला तिथेच सापडतं. तेव्हा पास होणं आलं.

परीक्षेत जमिनीवरच्या सरळ पट्टीवरून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चालायचं असतं. मी घरी सराव धरला. स्वयंपाकघरातल्या फरशीची एक लांब सांध सरळ दारापर्यंत जाते आणि उजव्या हाताला ओटा आहे, धरायला सोयीचा. जाताना सांधेवरून, परत येताना काठी घेऊन, असं तीन आठवडे केलं. शेवटी ओट्याला हात न लावता पंधरा पावलं जमली. छाती काढून वर्गात गेलो, पट्टीवर उभा राहिलो आणि तिसऱ्या पावलाला उजवीकडे झुकत झुकत ड्रायव्हरसाहेबांच्या अंगावर जाऊन टेकलो. पुन्हा चाललो, पुन्हा उजवीकडे. तिसऱ्या वेळी ते हात पसरूनच उभे होते.

तोलबाई पांढऱ्याफटक पडल्या. डावा पाय अधू असलेला माणूस एकाएकी उजवीकडे पडतो म्हणजे डोक्यात दुसरीकडे काही झालं असणार! मला चाकांच्या खुर्चीत बसवलं, डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, मला माझंच नाक शोधायला लावलं, डोक्याचा फोटो काढायला पाठवलं (मेंदू आहे, असं निघालं), चिरंजीव कामावरून धावत आले. खरं काय झालंय ते मला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं होतं. आमच्या स्वयंपाकघराची फरशी मी स्वतः उभं राहून बसवून घेतलेली आहे. ही तेव्हा म्हणाली होती, "मला बादलीभर पाणी ओतून धुता आली पाहिजे. थेंब जरी साचला तरी तुम्हाला पुसायला लावीन." म्हणून डावीकडच्या मोरीकडे मी फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, उतार दिला होता. तीन आठवडे मी त्या उतारावर डावीकडे पडू नये म्हणून उजवीकडे झुकायला शिकलो आणि इतका मन लावून शिकलो की सपाट जमिनीवर पडायला लागलो.

मग बोललो का नाही? अहो, सगळे इतके घाईत होते, मध्ये तोंड कसं घालायचं? डॉक्टर बोलत होते, ते थांबले तर मुलगा बोलत होता. तीन तासांनी फोटो काढणाऱ्या माणसाने "काका, काही सांगायचंय?" असं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की माझ्या स्वयंपाकघराला उतार आहे. त्याने 'रुग्ण असंबद्ध बोलतो' असं लिहून घेतलं आणि आणखी एक तास वाढला. शेवटी चिरंजीवांनी घरी जाऊन फरशीवर लिंबू ठेवलं. ते गडगडत मोरीपाशी जाऊन थांबलं, तेव्हा माझी सुटका झाली.

तोलबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काका, चार तास? चार तास हे पोटात ठेवून बसलात?" मी म्हटलं, "हं." त्यावर त्यांनी माझ्या परीक्षेत एक विषय वाढवला, चालता चालता बोलणं. त्या म्हणतात, ज्याचे पाय बोलताना थांबतात, तो रस्त्यात कुणी हाक मारली तरी पडतो. शंभरापासून उलटे आकडे म्हणत मी मजेत चाललो. मग म्हणाल्या, "आता घरच्यांबद्दल काहीतरी सांगा." तोंड उघडलं आणि पाय थांबले. पाय उचलला तर तोंड मिटलं. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "अहो, ही कसली गाडी! हॉर्न वाजवला की इंजिन बंद!"

तुम्हाला याचं नवल वाटायचं नाही. छत्तीस वर्षं आम्ही दोघं रोज संध्याकाळी कालव्याच्या कडेने फिरायला जायचो. चालायचं काम दोघांचं, बोलायचं तिचं आणि प्रत्येक दिव्याच्या खांबापाशी 'हं' म्हणायचं माझं. एखादा खांब चुकला तर ती जागच्या जागी उभी राहून विचारायची, "ऐकताय ना?" जो इतकी वर्षं दुसऱ्याच्या बोलण्यावर चालला, त्याला स्वतःच्या बोलण्यावर चालता येत नाही, एवढंच.

बाकी सगळं ठीक. तुम्ही मुद्दाम येण्याची काहीच गरज नाही. तुमचा गुडघा, साडूसाहेबांचा डोळा, एवढा प्रवास, उगाच कशाला? घरातल्या लहानांना आशीर्वाद (उभ्याने).

आपला,
मेहुणा

ता. क. परीक्षा पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला आहे. काल रंगीत तालीम झाली. दवाखान्याच्या आवाराला एक फेरी, सतत बोलत. मी 'बरं आहे' म्हणालो आणि उरलेली फेरी मुकाट्याने पूर्ण केली. नापास. हे वर लिहायचं राहिलं.

ता. क. २. येण्याची गरज नाही हे वाक्य खोडायला हवं होतं, पण खाडाखोड केलेलं पत्र बरं दिसत नाही. पंधरा दिवसांसाठी याल का? सरावाला घरचं माणूस हवं, असं तोलबाई म्हणतात. तुमचा गुडघा आणि माझा पाय, चाल जुळेल. मात्र बोलायचं मी, तुम्ही गप्प राहायचं. हे तुम्हाला जड जाईल याची कल्पना आहे. जमेल का, हे साडूसाहेबांना विचारू नये, ते फार हसतील.

ता. क. ३. मी बोलणार काय, असं तुमच्या मनात येईल. शेवटच्या दिवशी ती काही म्हणाली का, असं तुम्ही मला आजवर तीनदा विचारलंत आणि तिन्ही वेळा मी 'काही नाही' म्हणालो. ते खरं नव्हतं. ती दुपारपर्यंत बोलत होती, तुमच्याबद्दलही बरंच. मी मनात मोजून पाहिलं. आवाराच्या साधारण दोन फेऱ्या होतील. मध्ये थांबावं लागलं, तर तीन.