बिननावाची मेमरी

३ मार्च २००६, शुक्रवार
कॉम्प्युटर पुन्हा अडकला. तिसऱ्यांदा. एकोणिसाव्या मिनिटाला पडदा थिजला, बाणही हलेना. बरं झालं, कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायच्या सरावाला जुन्या भजनांची लावली होती. ह्यांची कॅसेट अजून डब्यातच.

ती एकदा तुटली आहे, ह्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी. कांचघर मोहल्ल्यातल्या रेडिओवाल्याने चिकटपट्टीने जोडून दिली, तेव्हाच म्हणाला, "अम्मा, एक बार चल जाएगी। दूसरी बार का भरोसा नहीं।" सोन्याचा कस कसा पाहायचा ते ह्यांनी तीत लेकीसाठी, सुषमासाठी, सांगून ठेवलं आहे. सांध्याच्या अलीकडचं मला तोंडपाठ. पलीकडचं एकदाच ऐकलं, अकरा वर्षांपूर्वी हे टेप करत होते तेव्हा, तेही भाजी निवडता निवडता. एक शब्द आठवत नाही.

म्हणजे कॅसेट एकदाच लावायची, आणि त्या एका वेळेत कॉम्प्युटरने अडकायचं नाही.

५ मार्च, रविवार
दुरुस्तीवाल्या चौबेजींकडे गेले. म्हणाले, "दीदी, मेमरी कम है।" मी म्हटलं, एवढी मोठी पेटी, कमी कशी? मग त्यांनी समजावलं. पेटीत आहे ते कपाट. मेमरी म्हणजे कामाची चौकी, पुढ्यातलं बुटकं मेज. चौकी लहान असली की माल खाली पडतो. हे मला लगेच कळलं. ह्यांची सराफ्यातली चौकी केवढीशी होती, आणि तिच्यावर किती काय मांडलेलं असायचं.

वीज गेली की ही मेमरी सगळं विसरते म्हणे. आणि नाव मेमरी! घरी येईपर्यंत हसू येत होतं.

दोन प्रकार आहेत. एक कंपनीची, सीलबंद, नाव छापलेली. दुसरी बिननावाची, निम्म्या भावात. चौबेजींनी दाखवली ती बोटभर लांब हिरवी पट्टी, वर आठ काळे चौकोन. बस.

रात्री सु.चा पुण्याहून फोन. "आई, असलं लोकल काही घेऊ नकोस. मी इथून कंपनीची पाठवते."

६ मार्च, सोमवार
चौबेजींनी बिननावाची दोन आठवडे वापरायला दिली. "चला के देखो, फिर बात करेंगे।" तपासायची काही रीत आहे का, विचारलं. एक सीडी दिली. ती लावली की निळा पडदा येतो, टक्के चढत जातात. मेमरीत लिहायचं, परत वाचायचं, जुळलं नाही तर लाल ओळ. एका फेरीला तासाच्या आसपास लागतो. म्हणाले, "इतने साल में किसी ग्राहक ने यह सीडी नहीं माँगी।"

हा तर कसोटीचा दगडच. ह्यांचा काळा दगड कपाटात आहे, तो काढून कॉम्प्युटरशेजारी ठेवला. उगीच.

९ मार्च, गुरुवार
सु.चं पार्सल आलं. चकचकीत पाकीट, पट्टीवर इंद्रधनुषी स्टिकर. ह्यांचं सोनारी भिंग डोळ्याला लावलं आणि दोन्ही पट्ट्या खिडकीत नेल्या. बारीक अक्षरं वाचता वाचता मान अवघडली. दोन्हींवरच्या काळ्या चौकोनांवर एकाच कारखान्याची खूण! अंकसुद्धा जवळजवळ तेच.

पिशवीत घालून दोन्ही चौबेजींकडे नेल्या. ते हसले. "दीदी, पनागर का मटर समझ लो। खेत एक ही है। कंपनी छाँट के, थैली में भर के, ऊपर नाम लिखती है। खुले में छँटा हुआ भी मिलेगा, कीड़े वाला भी।"
"मग खुल्यातलं चांगलं आहे हे कसं ओळखायचं?"
"छील के।"

म्हणजे सोलूनच पाहायचं. बरं.

१२ मार्च, रविवार
आधीपासून आत एक पट्टी आहेच, ह्यांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हाची. नक्षीचे नमुने काढायला घेतला होता. जेमतेम चार महिने वापरला. चौबेजींनी शिकवल्याप्रमाणे वायर काढून, अंगातली वीज उतरावी म्हणून हात नळाला लावून, तिच्याशेजारी कंपनीची पट्टी बसवली. तपासणी सुरू केली.

तिसऱ्या फेरीत लाल ओळ.

सु.ला सांगितलं. "शक्यच नाही, आई. तू नीट बसवली नसशील." परत बसवली. परत लाल.

एवढं मोठं नाव आणि हे? ह्यांचं वाक्य आठवलं, "शिक्का डोळ्यांना दिसतो, कस दगडाला."

१४ मार्च, मंगळवार
आज बिननावाची, त्याच जुन्या पट्टीशेजारी. दुसऱ्या फेरीत वीज गेली. नऊला पुन्हा पहिल्यापासून. बारापर्यंत तीन फेऱ्या, एकही लाल ओळ नाही.

शेजारच्या वानखेडेबाई पापड वाळत घालायला आल्या, दारातूनच म्हणाल्या, "काहून जी एवढी परीक्षा घेऊन राहिल्या? जावई पाहून राहिल्या का?"
म्हटलं, तसंच समजा. एक मोठ्या घरचा, एक बिनगोत्राचा.
"मग बिनगोत्राचाच करा. मोठ्या घरचे नखरेच लई."

चौबेजींना फोन केला. ते खूश. "देखा?" जवळजवळ ठरलंच होतं.

१६ मार्च, गुरुवार
काल होळीचे रंग. दार लावून वाचत बसले. वाचनालयातून आणलेलं हिंदी कॉम्प्युटर मासिक, निम्मं कळतं. त्यात एक वाक्य सापडलं : तपासताना एका वेळी एकच पट्टी ठेवावी.

आणि मी तर दोन-दोन बसवून तपासत होते! ह्यांनी दागिना कधी अख्खा घासला नाही. आधी कड्या सुट्या करायचे. "एकत्र घासलं तर खोट कोणाची ते दगडालाही कळत नाही." हे मला तोंडपाठ आहे. सांध्याच्या अलीकडचं आहे.

१८ मार्च, शनिवार
कंपनीची एकटी. तीन फेऱ्या. स्वच्छ.
बिननावाची उद्या.
मग जुनी. तिला काय तपासायचं, ती घरचीच. पण आता सुरू केलंच आहे तर.

२० मार्च, सोमवार
बिननावाची काल सकाळ-संध्याकाळ मिळून सात फेऱ्या. स्वच्छ.

आज जुनी एकटी. पहिल्याच फेरीत लाल. मग खाली आणखी. पडदाभर.

पंधरा दिवस दोन परक्यांना उभं करून परीक्षा घेतली आणि घरच्याला साक्षीला बसवलं. ह्यांनी आणलेली म्हणून. ह्यांनी आणलेलं खोटं कसं असेल! त्या दिवशी बिननावाचीच्या शेजारी ही गप्प राहिली, एवढंच. रोज अडकत होती तीही हीच असणार.

पट्टी काढली. टाकवेना. दगडाच्या डब्यात ठेवली.

चौबेजींना सांगितलं तर म्हणाले, "दीदी, यह तो मुझे पहले दिन देखना था।" चांगला माणूस.

२२ मार्च, बुधवार
आता कोणती? दोन्ही एकत्र नकोत, खोट पुन्हा लपायची. दोन्ही एकट्या खऱ्या निघाल्या.

सु. म्हणते, कंपनीची लाव, गॅरंटी आहे. मी म्हटलं, बिघडली तर काय देतील? "नवीन पट्टी देतील." आणि ह्यांचा आवाज? फोन ठेवला.

दोघींचा ताण आहे हा, उगीच तिला टोचलं.

२४ मार्च, शुक्रवार
बिननावाची बसवली. कारण एवढंच की ती जास्त घासली गेली आहे. कंपनीची लाल ओळीच्या धसक्याने मी कमी तपासली, हा तिच्यावर अन्यायच. तिची वेळ येईल.

भजनांची कॅसेट पूर्ण बाजू उतरली. अर्धा तास. अडकलं नाही. पुन्हा लावली. पुन्हा उतरली. चौबेजींचे पैसे देऊन आले.

सु. म्हणाली, "आई, सुरू करशील तेव्हा मला फोन कर. एकटी ऐकू नकोस."

२६ मार्च, रविवार
वीज सकाळी नऊला आली. बारापर्यंत राहील. सव्वानऊला कॅसेट लावली. सु. फोनवर, रिसीव्हर स्पीकरजवळ उशीवर ठेवला आहे. हाताला काम हवं म्हणून लिहीत बसले.

ह्यांचा आवाज. मागे कुणाची तरी हातोडी, ठक ठक. "शिक्का मागाहून पाहायचा. आधी कड्या सुट्या करायच्या..." मधेच मी, "चहा ठेवू का?" आणि हे, "थांब गं जरा, पोरीला सांगतोय." हे मला माहीत होतं, तरी हसले. फोनमधून सु.ही हसली.

पंधरावं मिनिट. पडद्यावरची हिरवी रेघ हलते आहे.

सतरावं. कॅसेटच्या खिडकीतून फितीवरचा पांढरा ठिपका दिसतो. तोच सांधा.

एकोणीस. इथे अडकायचा. नाही अडकला.

ठिपका चाकावरून सुटला, सांधा हेडकडे निघाला.

"आई, पुढचं आलं का?"
"येतंय. बोलू नको."