सुनंदाच्या वर्गातला मिस्त्री

२७ ऑक्टोबर
बेडरूमच्या भिंतीचा पोपडा आज पुन्हा पडला. थेट माझ्या उशीवर. पलीकडे बाथरूम, शॉवरची बाजू. सुनंदा म्हणाली, मी माणूस बोलावलाय, आता तुम्ही यात पडू नका. दिवाळीची सुटी, शाळा बंद. मी दुसरं कशात पडणार?

दुपारी माणूस आला. पांढरी गाडी, गॉगल, बोटात जाडजूड अंगठी. वॉटरप्रूफिंग नि टाइल्सची कामं घेतो. सावेडीतली निम्मी घरं मीच कोरडी ठेवलीत, असं नंतर म्हणाला. मी दार उघडलं तर माझ्या खांद्यावरून आत बघत ओरडला, "सुने, हाय का घरात?"

सुने!

आणि ही आतून, "अरं शिवा! किती जाडा झालास रं!"

मिरजगावच्या शाळेत दोघं दहावीपर्यंत एका वर्गात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आणि हे मला आज कळतंय.

२८ ऑक्टो.
तोडफोड सुरू. घरभर धूळ. डाळीत धूळ, चष्म्यावर धूळ. शि.ने भिंत ठोकून पाहिली. "दाजी, भिताड लई पानी पेलंय. टाइल्सच्या मागं कायबी लावल्यालं न्हाई, नुसतं शिमिट. समदं उतरवावं लागंल."

दाजी म्हणतो मला. म्हणजे सु. त्याची बहीण. सगळं रीतसर आहे. मग मला काय खुपतंय?

चहा. त्याला आलं घालून, दाट. मला आलं बाधतं म्हणून माझा वेगळा, फिका. आज माझाही तसलाच कर म्हटलं. "पित्त होईल तुम्हाला." हट्टाने प्यायलो. झालं.

३० ऑक्टो.
नवं प्लास्टर झालं. त्याला पाणी मारायचं काम माझ्याकडे. शि.चं आज काही काम नव्हतं, तरी 'बघायला' आला आणि स्वयंपाकघरात बसला. मी पाईप धरून आत उभा, बाहेरून हसणं ऐकू येतंय. कुणा सरांच्या सायकलची हवा कुणी सोडली होती वगैरे.

पाणी बंद करून दारात गेलो. सु. हसत होती. ओट्याला हात टेकून, कमरेत वाकून, डोळ्यांतून पाणी. माझ्यासमोर ती तोंडावर हात धरून हसते. मला वाटायचं, ती तशीच हसते.

आणि ते बोलणं. व्हय, न्हाई, लई. आमच्या घरात हे शब्द कधी आले नाहीत.

तो गेल्यावर विचारलं, "माझ्याशी असं का बोलत नाहीस?"
"कसं?"
"तिकडचं."
"तुम्ही मास्तर ना. चुका काढाल."
वाळलेले कपडे आणायला गेली. चेष्टा होती की खरं, कळलं नाही.

२ नोव्हेंबर
केमिकलचा पहिला कोट. आधी कोपरे सिमेंटने गोल करून घेतले, त्यावर जाळीची पट्टी बसवली, मग मोठ्या ब्रशने राखाडी लेप. शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या वरपर्यंत. मी म्हणालो, कमरेपर्यंत पुरे, मोबाईलवर पाहिलंय मी. (मोबाईलवरही डोक्याच्या वरपर्यंतच होतं.)

"दाजी, शावर घेताना काय पाटावर बसनार का?"

सु. हसली. तोंडावर हात न ठेवता.

जाताना शि. म्हणाला, पुढच्या रविवारी शाळेत आमच्या बॅचचा मेळावा हाय. "सुने, तू न्हाई आलीस ना, तर बघ मग." सु.ने माझ्याकडे पाहिलं. मी केमिकलच्या डब्यावरचं वाचत होतो.

एवढ्या वर्षांत ती माहेरी गेली ती लग्नाकार्याला, नाहीतर कुणी आजारी असलं तर. नुसतं हसायला म्हणून कुठे गेली नाही. तिने विचारलं नाही. मीही...

४ नोव्हें.
दुसरा कोटही वाळला. आज पाणी जायच्या भोकात बोळा कोंबून बाथरूममध्ये चार बोटं पाणी भरलं. असंच ठेवायचं आणि बेडरूमची भिंत बघायची. कोरडी राहिली तरच टाइल्स.

शि. म्हणे, "थेंब दिसला तर नाव बदलीन."

संध्याकाळी देवापुढे हात जोडताना मनात आलं, दिसू दे थेंब. भिंत माझी, घर माझं. तरी आलं.

५ नोव्हें.
ओली! खाली कोपऱ्यात, तळहाताएवढा डाग.

"सुनंदा!" अशी हाक मारली की ती पीठ लागल्या हाताने धावत आली. म्हणाली, मला वाटलं लॉटरी लागली. मी डागाकडे बोट दाखवत उभा. तिने डाग पाहिला, मग माझं तोंड पाहिलं. आणि फोन लावला.

शि. आला. पाणी काढलं. सांडपाण्याचा पाईप भिंतीतून जातो तिथे मागच्या बाजूला जाळीची पट्टीच लावलेली नव्हती. लेपही पातळ. मी दारात टेकून उभा राहिलो. हे बघण्यासाठी तिकीटसुद्धा काढलं असतं.

सु. सुरू झाली. "डोळं फुटलं व्हतं का रं तुझं? हितं जाळी कुनी लावायची, मी? आमच्या घरातबी असलंच करायचं? गॉगल काढून काम करत जा जरा!"

शि. मान खाली घालून. "चुकलं बाई. आत्ता उखडतो."
"चुकलं म्हनं! पोरगं हायस का तू?"

आणि त्याच्या पाठीत एक धपका. मग तो हसला. मग तीही.

माझी सगळी मजा तिथेच गेली. गॅलरीत जाऊन बसलो.

सु. माझ्यावर अशी कधी ओरडली नाही. राग आला की ती गप्प होते आणि ताट वाढते. पोळी गरम, भाजी गरम. मी बाहेर सांगत फिरायचो, आमच्यात भांडण म्हणून नाही.

जेवताना म्हटलं, "मलाही कधी रागावत जा ना. अरे-तुरे करून."
"बरं वाटत नाहीये का? पित्त उतरलं नाही अजून तुमचं."
"खरंच म्हणतोय."
तिने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "रविवारी जाऊ का मी?"
"विचारतेस कशाला?"
"मग काय, सांगू?"
जा म्हणालो. पाणी पिऊन उठलो.

८ नोव्हें.
तो कोपरा फोडून जाळी, दोन्ही कोट पुन्हा. परत पाणी भरलं होतं. मी येता-जाता भिंतीला हात लावून बघत होतो. कोरडी. अगदी ठणठणीत. शि.ला हे सांगायचं काम सु.ने माझ्यावर सोपवलं. फोनवर सांगितलं. "दाजी, जीवात जीव आला बगा," म्हणाला. आवाजावरून खरंच आला असावा. फोन ठेवल्यावर मला त्याचा राग धरायला काही सापडेना, म्हणून जास्तच राग आला.

९ नोव्हें., रविवार
सु. गेली. शि.च्या गाडीतून. त्याची बायको पुढच्या सीटवर होती, हेही लिहिलं पाहिजे. निळी साडी. निघताना म्हणाली, तुम्हीही चला. मी म्हणालो, टाइल्सकडे कोण बघणार? गाडी वळेपर्यंत मागच्या काचेतून बघत होती. कदाचित पदर सारखा करत असेल.

शि.ने टाइल्स बसवायला अन्सारभाईंना पाठवलंय. चांगला शांत माणूस. खालून वर ओळी चढवत गेले. पांढऱ्या टाइल्स, सु.ने निवडलेल्या.

दुपारी फोन. मागे गलका, माईकवर कुणीतरी गातंय. "अहो, आमच्या वर्गातली मंगल सोडतच न्हाई. हितंच मुक्काम करू का?"

न्हाई म्हणाली. हितंच म्हणाली. मला! तिच्या लक्षातही आलं नसेल. राहा म्हणालो.

अन्सारभाई विचारायला आले, "सर, साबणाची फळी किती उंचीवर लावू? भाभीच्या हाताला यायला पाहिजे." मी कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. तिचं डोकं माझ्या कुठे येतं? खांद्याला? त्याच्याही खाली? हात वर केला, खाली केला. ते पेन्सिल धरून थांबलेले.

"शिवाभाऊंना विचारू का? ते तिथंच आहेत."
"नको!" जरा मोठ्यानेच निघालं. "तो कोपरा राहू द्या. ती आली की तीच सांगेल."

बाकीची भिंत झाली. कोपरा तेवढा राखाडी राहिला.

उद्या कशी येणार, ते तिने सांगितलं नाही. शि. सोडेल बहुतेक. नाहीतर मीच जावं आणायला? मिरजगाव काही फार लांब नाही. अन्सारभाईंकडे किल्ली देऊन सकाळी निघता येईल. तिच्या मैत्रिणींमध्ये जाऊन उभं राहायचं म्हणजे... जावई म्हणून खुर्ची देतील, सरबत देतील, सगळ्याजणी पदर सावरून गप्प होतील. तीसुद्धा.

पण न कळवता गेलो, आणि ती गप्प नाही झाली, तर माझ्यासमोरही तशीच हसेल, तोंडावर हात न ठेवता.