काखेतला इंच

आई, तुझं मशीन आज पुन्हा उघडलं. पोर आठवीत गेली, दुकानातला युनिफॉर्म तिला दंडात बसेना. म्हटलं, घरीच शिवू. आणि टेप हातात घेतला तशी तू आठवलीस.

सोलापुरात बसून तू गावोगावच्या पोरांचे युनिफॉर्म शिवलेस, सगळे वाढत्या अंगाचे. शिवणीत कापड सोडत म्हणायचीस, "पोरं हायत, वाढणारच की." माझा तेवढा इंचभर कमी. "काखेत काचतंय गं," म्हटलं की तोंडातल्या टाचण्या न काढता तू म्हणायचीस, "काचू दे की. अर्धी भाकरी कमी खा, आपोआप बसंल." एकदा प्रतिज्ञेला हात पुढे केला आणि काखेतली शिवण टरकन उसवली. मागची रांग हसली. त्यानंतर उत्तर येत असलं तरी मी वर्गात हात वर केला नाही. हे तुला कधी सांगितलं नाही. राग होता, अजूनही थोडा आहे.

आता मी थेट तुझ्यासारखी दिसते. दंड तुझे, कंबर तुझी. शुगर निघाली तेव्हा आधी उपाशी राहायला लागले, शेवटी लेक तुझीच. चौथ्या दिवशी चक्कर येऊन ओट्याशी बसले, तेव्हा शहाणी झाले. आता रोज सकाळी ढगळ बाह्यांचा कुर्ता घालून, हात हलवत तळ्याला दोन फेऱ्या मारते. वेळेवर भाकरी, ताटभर भाजी, शेंगाचटणी चिमूटभर. बरं, दोन चिमटी. शुगर आटोक्यात आहे. वजन फारसं हललं नाही आणि माझं काही अडलं नाही. हे अंग तीन जिने न थांबता चढतं, त्याला मी नावं ठेवत नाही.

असं मला वाटत होतं. पोरीच्या पोटाला टेप लावला तर तिने श्वास ओढून पोट आत घेतलं. मी म्हटलं, "सोड गं श्वास. हे कुणी शिकवलं तुला?"

"तूच की मम्मी. आरशापुढं रोज तर करतीस."

तिला दोन्ही हात वर करायला लावले आणि काखेत इंचभर जास्त धरून कापड कापलं. ती म्हणाली, "हे आजीनं शिकवलं व्हय?"

हा कागद मशीनच्या खणात, तुझ्या टाचण्यांच्या डबीखाली ठेवतेय. तिला मी "व्हय" म्हणाले, आई. तेवढं खोटं बोलले.