पूर्वेकडे पाठ

क्लोव्हर फोर्क, युटा
४ सप्टेंबर १९८४

चि. जनील हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

यंदा पीच झाडांना पेलवेनात. बाटल्या भरून भरून तळघरातल्या फळ्या वाकल्या, तरी तुझे बाबा आणखी टोपल्या आणतच आहेत. म्हणजे तुझ्या भावाकडून, डॅरिलकडून, आणवतात. डॉक्टरांनी त्यांना काही उचलायचं नाही अशी तंबी दिली आहे. हृदय थकलंय म्हणाले. किती थकलंय ते मी विचारलं नाही. पण पाटाला पाणी सुटलं की यांना घरात कोण धरून ठेवणार? फावडं घेऊन बांधावर हजर.

तू तिकडे कॉफी पितेस असं डॅरिलची बायको सांगत होती. आपल्या धर्मात ती वर्ज्य, तरी पीत असशील तर पी, पण उपाशीपोटी पिऊ नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हे मी तुझ्याशिवाय कोणाला लिहू शकत नाही. चर्चच्या वॉर्डातल्या बायकांपाशी बोलले, तर माझी श्रद्धा डळमळली म्हणून त्या माझ्यासाठी उपास धरतील आणि वर केक घेऊन येतील.

लायमनशी माझं लग्न आपल्या पंथाच्या, लोगनच्या मंदिरात झालं हे तुला ठाऊकच आहे. तिथली गाठ मरणानंही सुटत नाही, अनंतकाळ टिकते. लायमन कोरियाच्या लढाईवर गेला तो पेटीतूनच परत आला. आमचा संसार जेमतेम एका हिवाळ्याचा. पुढे तुझ्या बाबांशी लग्न केलं ते तुझ्या आजीच्या बैठकीच्या खोलीत, बिशपच्या हातून, फक्त या आयुष्यापुरतं. बाईला मंदिरातली गाठ एकदाच बांधता येते. शिकवण अशी, की तिकडे मी लायमनची आणि तुम्ही मुलंही लायमनचीच. मग तुझे बाबा कोणाचे? ते तिकडे एकटे, दुसऱ्यांच्या घरी सेवेला. हे सगळं मी लग्नाच्या दिवशी ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. तेव्हा मी तरणी होते आणि अनंतकाळ फार लांब वाटत होता. आता यांना खोकला आला की तो दारात आल्यासारखा वाटतो.

बिशप ओकींना विचारून पाहिलं. दूध घालायच्या फेरीवर होते, गाडी थांबवून ते अंगणात आले, टोपी काढून हातात धरली, आणि म्हणाले की देव सगळं नीट लावेल. भला माणूस आहे गं, पण चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांनाही ठाऊक नाही.

लायमनशी बांधलेली गाठ सोडवून द्या, असा अर्ज सॉल्ट लेकला चर्चच्या थोरांकडे करता येतो म्हणे. तो तू मला लिहून देशील का? तुझी भाषा चांगली आहे. पण तेवढ्यात हल्डाबाई डोळ्यांपुढे येतात. लायमन त्यांचा एकुलता एक. जाताना माझा हात धरून त्यांनी सांगितलं होतं, माझ्या पोराला तिकडे एकटं टाकू नकोस. मी हो म्हटलं होतं. एकाला धरावं तर दुसरा एकटा पडतो. मी काय करू ते मनापासून लिही.

तुझ्यावर जीव आहे, तो तुलाही ठाऊक असू दे.
तुझी,
आई

*

पोर्टलंड
१२ सप्टेंबर १९८४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

डॅरिलच्या बायकोला सांग, तिची बातमी अर्धवट आहे. मी दिवसातून दोनदा पिते.

अर्ज सोबत पाठवते आहे. एका बैठकीत लिहून झाला, कारण मनात तो कधीचा तयार होता. आई, मला या शिकवणीचा राग येतो. पुरुषाची बायको गेली तर त्याला दुसरी गाठ बांधता येते, मग बाईलाच का नाही? ज्या माणसानं मला सायकल शिकवली, गोवर झाला तेव्हा उशाशी बसून राहिला, तो माझा बाप नाही आणि ज्याचा मी फक्त फोटो पाहिला तो बाप, हे कुठल्या प्रेमळ देवाला सुचेल?

तुला कधी सांगितलं नाही. लहान असताना रविवारच्या वर्गात बाईंनी मला अगदी गोड आवाजात समजावलं होतं, की तुझं कायमचं कुटुंब लायमनचं. मी रडत पाटावर गेले. बाबा पाणी वळवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की लायमनचे घोडे माझ्यापेक्षा चांगले होते, तुझं काही नुकसान नाही. मी हसले. मग ते माझ्याकडे पाठ फिरवून कितीतरी वेळ नुसतीच माती ओढत राहिले. माझी पहिली शंका त्या पाठीपासून सुरू झाली. पुढच्या सगळ्या तिच्याच लेकी.

मी चर्चला जात नाही म्हणून तू एकदाही बोलली नाहीस, त्याचं मला फार वाटतं. खरं सांगू? मला तुझ्यासारखं देवावर टाकून निवांत होता येत नाही, आणि पुरतं सोडूनही देता येत नाही. रविवारी सकाळी घरी बसलं की काहीतरी चुकल्यासारखं होतं, मग उगाच कपाटं आवरत बसते.

हल्डाबाईंना दिलेल्या शब्दाचं काय करायचं हे मात्र मला सांगता येणार नाही. सही तुझी आहे, ठरवायचंही तूच. बाबांना जप. त्यांच्या हातातलं फावडं लपवून ठेव.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
जनील

*

क्लोव्हर फोर्क
२३ सप्टेंबर १९८४

चि. जनीलबाई,
बापाचा आशीर्वाद.

बापाचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, मी अजून आहे. फावडं लपवायची युक्ती तुझी हे मला लगेच कळलं. सापडलं ते.

त्याच शोधाशोधीत पिठाच्या डब्यामागे तुझा अर्जही सापडला. खरं म्हणजे मी तिथे बिस्किटं बघत होतो, पण ते डॉक्टरांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. अर्ज फक्कड लिहिला आहेस. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी लिहिलं नव्हतं, दोनदा वाचला. पण तो सॉल्ट लेकला जाता कामा नये. तुझ्या आईला मी समजावीन, तू तिला पुन्हा भरीला घालू नकोस.

लायमन माझा शेजारी. तो गेल्यावर त्याच्या शेताची पाण्याची पाळी मी सांभाळायला लागलो. पाळी त्याच्या नावाची, फावडं माझं. तसाच एक दिवस तुझ्या आईनं मला जेवायला थांबवलं आणि मी थांबलोच. त्याला बिचाऱ्याला एक हिवाळा मिळाला. मला तुझी आई मिळाली, तुम्ही पोरं मिळालात, इतक्या वर्षांचे पीच मिळाले. आता त्याच्यापाशी जे उरलंय तेही काढून घ्यायचं? आणि तेही हल्डाबाईंना शब्द दिलेला असताना?

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. वाटते. मी देवाला मानणारा माणूस आहे, पण ही एक गोष्ट मला कधी पटली नाही. न पटताही मी दर रविवारी त्याच बाकावर बसलो. तसंही जमतं, पोरी. तुला जमत नसेल तर बाहेर बस, पण दाराजवळ बस.

आता काम. लायमनच्या दगडावर तुझ्या आईचं नाव तेव्हाच कोरलेलं आहे, शेवटची तारीख तेवढी बाकी. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला हल्डाबाई, म्हणजे तिच्या शेजारी मला जागा नाही. म्हणून मी तिच्या पायथ्याशी, पुढच्या ओळीतली जागा घेऊन ठेवली आहे. आपल्याकडे सगळ्यांना पाय पूर्वेला करून निजवतात, पुनरुत्थानाच्या सकाळी उठलं की समोर सूर्य. मलाही तसंच निजवलं, तर उठल्यावर माझी तुझ्या आईकडे पाठ होईल. तेव्हा मला उलटं ठेव. डोकं पूर्वेला आणि पाय तिच्या पायांकडे. सूर्य काय, मी रोजच पाहिला आहे.

हे डॅरिलला सांगून उपयोग नाही. तो बिशपना विचारेल, बिशप त्यांच्या वरच्यांना विचारतील, आणि तोवर मी सरळ पुरला जाईन. तू कोणाला विचारत नाहीस, हा तुझा दोष एकदा माझ्या कामी येऊ दे. आईला आधी बोलू नकोस, ती रडायला लागली की मला काही सुचत नाही.

बापाला धरून राहा.
तुझा,
बाबा

*

क्लोव्हर फोर्क
२७ नोव्हेंबर १९८४

चि. जनील हिस,
आशीर्वाद.

तू पोचल्याचा फोन आला, बरं वाटलं. हे गेल्यापासून घर फार मोठं झाल्यासारखं वाटतंय. वॉर्डातल्या बायकांनी चीज घालून भाजलेल्या बटाट्यांच्या इतक्या पराती आणून ठेवल्या आहेत की डॅरिलची मुलं त्या नुसत्या बघूनच पळतात. माणसं फार चांगली वागली. पेटीत ठेवताना यांना घालायचे मंदिरातले पांढरे कपडे मी स्वतः इस्त्री केले होते, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तेवढं करताना मी रडले नाही. नंतर इस्त्री जागेवर ठेवताना रडले.

तो अर्ज मी पाठवला नाही हे तू इथे असताना सांगायचं राहिलं. यांनी एके दिवशी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, त्यावर बिस्किट ठेवलं, आणि खाता खाता मला सांगितलं की दिलेला शब्द मोडायचा नाही. मी भांडले, रडलेसुद्धा, पण हे ऐकेनात. शेवटी कागद मी चुलीत घातला. पण तेव्हापासून छातीत एक दगड आहे. शब्द पाळला, आणि ज्यानं पाळायला लावला तोच एकटा पडला.

आता एक विचारायचं आहे. पेटी खाली सोडली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की डोक्याची बाजू भलतीकडे आहे. बर्फ पडत होतं, लोकांना हुडहुडी भरली होती, माणसांची गडबड झाली असेल असं समजून मी गप्प राहिले. चारचौघांत कोणाला ओशाळं कशाला करायचं? पण घरी आल्यापासून चैन नाही. जन्मभर सरळ चाललेला माणूस, आणि जाताना उलटा गेला. काल स्मशानात कबरी खणणाऱ्या जेप्सनना गाठून विचारलं, तर ते बुटावरचं बर्फ झटकत म्हणाले, लेकीला विचारा. तुला काय ठाऊक आहे ते कळव.

तुझी,
आई

*

पोर्टलंड
३ डिसेंबर १९८४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

गडबड कोणाची झाली नाही. ते मी करवून घेतलं. बाबांचं सप्टेंबरमधलं पत्र सोबत पाठवते आहे, आधी ते वाच आणि मग माझं.

वाचलंस? तर ऐक. तू कपड्यांना इस्त्री करत होतीस तेव्हा मी स्मशानात गेले होते. जेप्सननी साफ नकार दिला. सगळ्या गावात पश्चिमेकडे तोंड केलेला एकही माणूस नाही म्हणाले, त्या सकाळी तारणारा पूर्वेकडून येईल आणि एकटा थेन, म्हणजे आपले बाबा, त्याच्याकडे पाठ करून उभा असेल, हे शोभणार नाही. मी विनवलं, मग आवाज चढवला. शेवटी त्यांनी बिशप ओकींना बोलावून घेतलं. ते तशीच दुधाची गाडी घेऊन आले. मी त्यांना बाबांचं पत्र दाखवलं नाही, तोंडीच सांगितलं. आई इथे उठेल, बाबा तिथे उठतील, तिला त्यांची पाठ दिसता कामा नये, त्यांचा चेहराच दिसला पाहिजे. हाताने जागा दाखवत, बर्फातून पावलं टाकत मी सांगत होते.

बिशपनी सगळं ऐकलं, आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं की ती सकाळ येईल असं तुला वाटतं का. त्यात टोमणा नव्हता. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. पण आलीच, तर बाबांची आईकडे पाठ नको.

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग जेप्सनना म्हणाले, पूर्वेकडेच तोंड करावं असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं मला आठवत नाही, ती आपली रीत आहे. आणि तारणारा एवढ्या लांबून येणार, तर त्याला थेनच्या पुढ्यात यायला दोन पावलं जास्त चालवतील. जेप्सन हसले नाहीत, पण फावडं त्यांनी दुसऱ्या टोकाला रोवलं. बिशपनी मला घरापर्यंत सोडलं, आणि त्या दुधाच्या गाडीत मी जी रडले, तशी बाबा गेल्याचं कळलं तेव्हाही रडले नव्हते.

आई, माझ्या शंका आहेत तिथेच आहेत. ती शिकवण मला आजही अन्यायाची वाटते. पण मी त्या बर्फात उभी राहून कोण कुठे उठेल हे ठरवत होते, आणि तेवढा वेळ मला त्यात काही खोटं वाटलं नाही. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. तुला न विचारता केलं म्हणून रागावू नकोस.

तुझी,
जनील

*

क्लोव्हर फोर्क
१० डिसेंबर १९८४

चि. जनील हिस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

दोन्ही पत्रं मिळाली. यांचं इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलं. रागावू कशाला? मला लाडक्या लेकीचा अभिमान वाटला. तुझ्या शंका तुझ्यापाशी असू देत, मी त्या काढायला येणार नाही, माझ्याही काही कमी नाहीत. दाराजवळ बस म्हणाले ना बाबा, तशी बस. थंडी लागली तर आत ये.

जेप्सनना पीचच्या बाटल्या देऊन आले. येताना यांच्याकडेही गेले, आणि माझ्या जागेवर उभी राहून पाहिलं. अगदी समोर आहेत गं. छातीतला तो दगड अजून आहे, पण आता त्याचा भार सोसतो.

मी मनाशी ठरवून टाकलं आहे. त्या सकाळी उठले की समोर हे असतील, बहुतेक दाढी न करता. शेजारी लायमन उठेल, विशीतला, गोंधळलेला पोर. त्याला मी हात देईन आणि सांगेन, हा थेन, तू ओळखतोस त्याला. तुझी पाण्याची पाळी यानं कधी चुकू दिली नाही. पुढचं त्या दोघांनी बघावं आणि देवानं बघावं.

नाताळाला ये. मी घरात कॉफी आणणार नाही, पण तुझी तू आणलीस तर पाणी उकळून देईन.

आणि माझी वेळ येईल तेव्हाही तूच जेप्सनना भेट. मला मात्र रीतीप्रमाणे सरळच ठेवायला सांग, पूर्वेकडे तोंड करून.

तुझी वाट पाहणारी,
आई