पुढची खोली महोत्सवाची

मी, धंदा शिवणकाम, वय वर्षे एकाहत्तर, लहानपणीच्या तापाने उजवा पाय चार बोटं आखूड, डोकं मात्र ताळ्यावर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. तब्येत ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. म्हणजे घाई काहीच नाही. पण आधी माप घेतलं की कापताना भांडण होत नाही.

एक. तळमजल्यावरच्या दोन्ही खोल्या माझ्या स्वकष्टाच्या असून त्यांवर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. मागची खोली स्वयंपाकघरासह माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला, द्यावी. रस्त्याकडची पुढची खोली आमच्या कला महोत्सवाला. आम्ही अपंग माणसांनी अकरा वर्षांपूर्वी तो सुरू केला. शनिवार-रविवार असे दोन दिवस नाच, गाणी, नाटक, चित्रं, आणि बघायला अख्खी वस्ती. या खोलीत पोशाख ठेवावेत, तालमी कराव्यात. अट एकच: दाराला पायरी करायची नाही.

दोन. माझी मोजपट्टी, महोत्सव भरतो त्या सभागृहाच्या जुन्या व्यवस्थापकांना द्यावी. पहिल्या वर्षी तिथे रंगमंचाला सात पायऱ्या होत्या आणि भाची चाकाच्या खुर्चीत. साहेब म्हणाले, "तिला खालीच बसवा की. खालूनही छान दिसेल."

"उतार करून द्या," मी म्हटलं.

"बाई, जागाच नाही."

मी गळ्यातली पट्टी काढली आणि जमिनीवर बसून कोपरा मापला. "साहेब, जागा भरपूर आहे. मन आखूड पडतंय, आणि तिथे जोड देणं माझ्या हातात नाही." तिसऱ्या दिवशी सुतार आला. पट्टी देण्यात राग नाही. बरं, थोडा आहे.

तीन. आता दादा, माझा थोरला भाऊ. त्याच्या लग्नात त्याने मला आतल्या खोलीत बसवलं. "अगं, तू चालताना बघून लोक काय म्हणतील?" नवरीचा पोशाख मीच शिवलेला, तो तिच्या अंगावर कसा बसला, ते मला फोटोत कळलं. पुढे त्याला मुलगी झाली. तिचे पाय हलेनात, आणि दादाने तिच्यासाठीही आतलीच खोली धरली. शाळा सुटली की दार बंद. तिथे बसून पोरगी घरातल्या प्रत्येकाचा आवाज काढायला शिकली. महोत्सव ठरला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. वहिनी मला हळूच म्हणाली, "घेऊन जा हिला. यांचं मी बघते."

महोत्सवाच्या दिवशी ढोलावर होता आमच्या वस्तीतला कुलपवाला. तो जन्मापासून बहिरा, रंगमंचाच्या फळ्यांची धडधड अनवाणी पायांनी ऐकतो. मी खुर्ची ढकलत उतारावर चढू लागले, तसा त्याने माझ्या पायांकडे बघून ताल धरला. एक लांब, एक आखूड. लोक त्यावर टाळ्या वाजवू लागले. आयुष्यभर माझी चाल बघून माणसांनी नजर वळवली होती. त्या दिवशी मी मुद्दाम सावकाश चढले.

भाचीने माईक घेतला आणि थेट बापाच्या आवाजात सुरू झाली, "अरे, ती खिडकी लावा आधी! हळू बोला! लोक काय म्हणतील?"

शेवटच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "मी असा अजिबात बोलत नाही!"

आवाज तोच. घोगरा, शेवटी चढणारा. आणि सभागृहात जो काही हशा उसळला! दादा कोणाला न सांगता येऊन बसला होता. भाची ढिम्म हलली नाही. त्याच आवाजात म्हणाली, "बाबा, खाली बसा. लोक काय म्हणतील?"

दादा बसला. आधी कान लाल झाले, मग तोही हसला, आणि हसता हसताच त्याने रुमाल काढला.

नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "हिला एवढं सगळं ऐकू जात होतं?"

"आतल्या खोलीत जास्तच ऐकू येतं, दादा."

"तुलाही?"

"मलाही."

त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पुढच्या वर्षापासून तो दारावर तिकिटं फाडतो, उशिरा येणाऱ्यांना झापतो, आणि गुडघे कुरकुरले की गुपचूप उतारानेच चढतो. त्याला माझी आरामखुर्ची द्यावी. लग्नातली बाब मी या कलमाने निकाली काढते.

चार. शिवणयंत्र कुलपवाल्याला. त्याला शिवता येत नाही, पण यंत्र चालू असताना त्यावर तळवा ठेवायला तो रोज संध्याकाळी येतो. बँकेत जे काही निघेल, त्यातून महोत्सवात खुणांच्या भाषेत सांगणारी बाई दरवर्षी नेमावी.

पाच. मी ऐन महोत्सवात गेले, तर कार्यक्रम थांबवू नये. मला सोमवारी न्यावं.

स्थळ: माझी पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी साडेदहा
(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार १: (सही) माझे डॉक्टर
साक्षीदार २: (सही) शेजारचे छापखानेवाले

ताजा कलम: आमच्या महोत्सवातले आंधळे गायककाका सही होत असताना इथेच बसले होते. त्यांनाही साक्षीदार व्हायचं होतं. कागद तपासायला आलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "काका, साक्षीदाराने सही होताना पाहिलेली असावी लागते."

"मी ऐकली ना," काका म्हणाले. "शेवटच्या अक्षराशी ती थांबली, हसली, आणि मग रेघ ओढली."

अगदी तस्संच झालं होतं. वकीलबाईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला.

साक्षीदार ३, कायद्याला नको असला तरी: (सही) ऐकणारा