केजचा गंधार

४ डिसेंबर ९४
काल बाजारपेठेत लग्न. मंगलाष्टकं आपल्या क्लासच्या मुलींची, साथीला कुणाचा तरी नवा कॅसिओ. जुळेचना. वाजवणारा म्हणतो, "गुर्जी, पोरींचा गंधार खाली लागतोय." म्हटलं, "तुझं यंत्रच खोटं हाय बे!" मांडव हसला. बरं वाटलं.

११ डिसें.
गायनाची परीक्षा. परीक्षक बाहेरचे. अकरा जणी, अकराही जणींचा गंधार कमी. मंगलला मात्र थांबवून घेतलं. "गळा उत्तम. गंधार सुधारून पुढच्या रविवारी बीडला या, पुन्हा ऐकतो." तिचा बाप मेंढरंवाला. दारातच बोलला, "पास झाली तर शिकंल. न्हाई तर उजवून टाकतो."

१२ डिसें.
मुली यायच्या आत पेटी उघडली. मधला गंधार, वरचा गंधार, दोन्ही एकदम दाबले. सुरांत थरथर. मधला खाली बसलाय. कधीपासून? वीस वर्षं तरी... शाळेची प्रार्थना, गुरुवारचं भजन, सगळं याच पेटीवरून गेलंय. आख्खं केज खाली गातंय! पितळी पट्टी टोकाला घासून सूर वर आणला. लई लाज वाटली. जेवण गेलं नाही.

१४ डिसें.
मुलींना सांगून टाकलं. चूक पेटीची, म्हणजे माझी. मग मंगल, खाली बघत:
"ठाऊक हुतं गुर्जी."
"मग कावून न्हाई बोललीस?"
"तुमी खाली लावता. तुमच्या म्होरं वर कसं लावायचं?"
आणखी दोघींनी माना हलवल्या. भडकलो. उगाच भडकलो.

१७ डिसें.
पेटी सुधारली, मं. नाही. माझ्यासमोर अजून खालीच. पाणी प्यायला आत गेलो तर गंधार लख्ख लागला. बाहेर आलो, परत खाली. तीनदा करून पाहिलं.

१८ डिसें., रवि.
बाप नवा पटका बांधून आला. "चला गुर्जी, गाडी लागलीय."
"तुमीच जा. माझा गुडघा धरलाय."
"आवो, पोरगी भिईल की!"
मं. पुढं झाली. पाया पडली. तिला कळलं असावं. पेटी सोबत दिली.
आता अकरा वाजले. तिचा नंबर आला असेल. इथं एकटाच बसून गंधार लावून बघतोय. बरोबर लागतोय का, सांगायला घरात पेटी नाही.